पाठीवरची अंडी

सर गेले तेव्हा सांगलीच्या एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्यात ते प्रेमळ, मनमिळाऊ आणि विद्यार्थिप्रिय असल्याचं छापलं होतं. सरांनी ते वाचलं असतं तर पेपरच्या कचेरीत फोन करून विचारलं असतं, "मनमिळाऊ असं कुणी पाहिलं? किती वेळा?" समोरच्यानं फोन ठेवला असता. मग सरांनी वहीत लिहिलं असतं, 'फोन ठेवला, सकाळी सव्वानऊ.'

'किती वेळा पाहिलंत' हा त्यांचा प्रश्न सांगलीत पुष्कळांना माहीत होता. एकदा आम्ही स्टँडवरून रिक्षानं कॉलेजला निघालो होतो. रिक्षावाला बोलका होता. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की दोन दिवसांत पाऊस येतो, असं तो म्हणाला. सरांनी विचारलं, किती वेळा पाहिलंत. तो म्हणाला, लहानपणापासून ऐकतोय. ऐकलं किती ते विचारलं नाही, असं सर म्हणाले. रिक्षावाल्यानं आम्हाला कॉलेजशी उतरवलं आणि पैसे घेतले. पण त्यानंतर दोन पावसाळे तो सरांना कुठंही गाठून सांगायचा, "सर, काल मुंग्या निघाल्याल्या. पाऊस न्हाई." किंवा "आज पडला. मुंग्या जाग्याव." सर ते तारखेसकट उतरवून घ्यायचे आणि त्याला धन्यवाद द्यायचे. शेवटी निष्कर्ष काय निघाला ते मला माहीत नाही. रिक्षावाल्याला असावं.

सर सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. अंगानं काटकुळे, बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, काखेत घडीचं स्टूल. सगळ्यांना अहो-जाहो करायचे, अकरावीच्या पोरांनाही. किड्यांना तेवढं करत नसत.

मी मूळची वडूजकडची. वडील, म्हणजे आबा, सैन्यातून सुभेदार होऊन परत आले होते आणि ज्वारी-बाजरी करत होते. मी साताऱ्यात एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.साठी सरांकडं गेले. मार्क किती, नेट दिलीत का, असलं काही त्यांनी विचारलंच नाही. "एका जागी किती वेळ बसता येतं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मोजलं नाही कधी. हे उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी मला स्टूल दिलं आणि एका टबासमोर बसवलं. दुपारी येऊन काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही झालं नाही.

"तीन तासांत काही झालं नाही असं नसतं," सर म्हणाले. "तुम्ही लिहिलं नाही, एवढंच झालं."

दुसऱ्या दिवशी मी दोन पानं भरली. त्यात एकदा माशी आली, एकदा वीज गेली आणि एकदा मला शिंक आली, हेही होतं. सरांनी मला घेतलं.

टबात होता तो पाणढेकूण. पुस्तकात त्याला तसं म्हणतात. आमच्या गावात त्याला नाव नाही. विहिरीत पोहताना तो चावतो, तेव्हा त्याला शिवी असते. बोटाच्या पेराएवढा, चपटा, तपकिरी. त्याची गंमत अशी की मादी अंडी घालते ती नराच्या पाठीवर. गोंदानं डकवावीत तशी एकाला एक लावून पाठ भरून टाकते आणि निघून जाते. पुढं अंडी फुटेपर्यंत नर ती वागवतो. त्याला उडता येत नाही, धड पळता येत नाही. पाठीला हवा लागावी म्हणून तो पाण्याच्या वर येऊन खालीवर होत राहतो.

सरांचं नाव झालं होतं ते या नरावरून. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एक पेपर लिहिला होता. त्यात त्यांनी दाखवलं होतं की नर कुणाचीही अंडी पाठीवर घेत नाही. आधी समागम, मग दोन-तीन अंडी, पुन्हा समागम, पुन्हा दोन-तीन अंडी, असं सकाळभर चालतं. समागमाशिवाय मादी पाठीवर चढू लागली तर तो तिला झटकून टाकतो. अंडी आपलीच आहेत याची खात्री करून घ्यायचा त्याच्याकडं एवढा एकच मार्ग आहे. आमच्या भागातल्या जातीबद्दल हे त्याआधी कुणी लिहिलेलं नव्हतं. पुढं पुष्कळांनी त्याचा हवाला दिला. कॉलेजच्या माहितीपत्रकात सरांचा फोटो होता आणि शेजारी त्या नराचा.

समागम हा शब्द सर 'सव्वापाच' म्हणावं तसा म्हणायचे. एसटीत, खानावळीत, बँकेत, त्याच आवाजात. विट्याच्या गाडीत एकदा त्यांनी मला पुढच्या सीटवरून मागं वळून विचारलं होतं, की काल दुपारच्या समागमांची नोंद पूर्ण झाली का. मी हो म्हटलं आणि विट्यापर्यंत जायचं तिकीट असताना तासगावला उतरले. त्या गाडीतल्या एका बाईनं पुढं आईच्या माहेरी काय सांगितलं, ते मला अजून ऐकायला मिळतं.

नरांना ओळखता यावं म्हणून आम्ही त्यांच्या पाठीच्या कडेला नेलपॉलिशचे ठिपके द्यायचो. लाल एक, निळे दोन, असं. नेलपॉलिश सर स्वतः आणायचे, बाजारातल्या एका बांगड्यांच्या दुकानातून. दुकानदार चाचा वयस्कर होते, सभ्य होते. दोन वर्षं त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी सरांनी एकदम सहा रंग मागितले तेव्हा त्यांना राहवलं नाही. घरात कोण कोण आहे, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, चौदा जण, सगळे नर. चाचांनी बाटल्या कागदात बांधल्या आणि दहा रुपये कमी घेतले.

आता फोनचं सांगते. मी सुट्टीला गावी गेले की आमच्या घरात माझ्या मोबाईलला रेंज नसायची. आबांच्या मोबाईलला असायची. त्यामुळं सर आबांना फोन करायचे. आबांनी बावीस वर्षं सैन्याच्या सिग्नल विभागात काढली होती. निरोप जसाच्या तसा उतरवायचा आणि जसाच्या तसा पोचवायचा, यात त्यांच्या हातून कधी कसूर झाली नव्हती. रात्री जेवायला बसलो की ते खिशातून कागद काढायचे, चष्मा लावायचे आणि वाचायचे.

"सांगलीवरनं मेसेज हाय. सात नंबर. सकाळी साडेसहापासून मादीसोबत. अकरा वेळा समागम. बारावा चालू. पाठ निम्मी भरली. तुम्ही कधी येणार."

आई कोरड्यास वाढायची थांबायची. भाऊ मान खाली घालून ताटातल्या भाकरीकडं बघत बसायचा. आबा कागदाची घडी करायचे आणि म्हणायचे, "जवाब काय द्यायचा त्ये लिहून दे." एकदा आई त्यांना म्हणाली, आवं, असलं जेवताना कशाला वाचता. आबा म्हणाले, मेसेज थांबवायचा नसतो.

सुरुवातीला आबा नुसते वाचायचे. मग विचारायला लागले. नर मादीला बोलावतो कसा, हे मी त्यांना सांगितलं, की पाण्याच्या कडेला धरून तो अंग वरखाली करतो, त्यानं पाण्यावर लाटा उठतात आणि लाटांवरून मादी येते. आबांनी विचार केला. "म्हंजे दंड मारतो," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, तसंच. तेव्हापासून त्या किड्याबद्दल त्यांचं मत चांगलं झालं.

माझं लग्न ठरवायचं घरी चाललेलंच होतं. रहिमतपूरचं एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरी बागायती, माणसं चांगली. बघायला यायचा दिवस ठरला, आणि त्याच दिवशी सकाळी सर एसटीतून प्लास्टिकचा कॅन घेऊन उतरले. आमच्या विहिरीतले पाणढेकूण त्यांना हवे होते आणि या रविवारी येतो असं त्यांनी महिन्यापूर्वी आबांना कळवलं होतं. आबांनी ते लिहूनही घेतलं होतं. स्थळाचा दिवस आईनं ठरवला होता. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

पाहुणे बसलेले असताना सरांना बाहेर ठेवणं आबांना बरं दिसेना. हे हिचे सांगलीचे सर, असं सांगून त्यांनी त्यांना मुलाच्या वडिलांशेजारी बसवलं. कॅन खाली ठेवला. मी पोहे घेऊन आले तेव्हा मुलाचे मामा मला विचारत होते, तुम्ही नक्की कशावर अभ्यास करता. मी म्हटलं, पाण्यातल्या कीटकांचं जीवन. घरात असं सांगायचं ठरलेलं होतं.

मामा सरांकडं वळून म्हणाले, म्हणजे काय असतं त्यात.

सरांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. लाटा, समागम, अंडी, पुन्हा समागम. एका सकाळी जास्तीत जास्त किती वेळा, तेही सांगितलं, आणि तो आकडा मी मोजलेला आहे, दुसऱ्या कुणाला एवढा वेळ बसणं जमलं नसतं, असं माझं कौतुकही केलं. मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नाही, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मामा म्हणाले, "म्हणजे पोरं बाप सांभाळतो. आन् आई?"

"आई निघून जाते," सर म्हणाले.

"कुठं?"

"दुसऱ्या नराकडे."

मग मुलानं, इतका वेळ तो काहीच बोलला नव्हता, कॅनकडं बघून विचारलं, चावतो का. सर म्हणाले, चावतो. कार्यक्रम संपला.

चार दिवसांनी निरोप आला की मुलगी फार शिकलेली आहे. सरांना ते माझ्याकडून कळलं तेव्हा त्यांनी आबांना फोन लावला. मी शेजारीच होते. माझ्यामुळे मोडलं का, असं त्यांनी सरळ विचारलं. त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच काळजी ऐकू आली. पलीकडून आबांचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं, कारण आबा फोनवर मैदानात बोलल्यासारखं बोलतात.

"एकदाच झालंय न्हवं सर. एकावरनं काय सांगता येतंय?"

सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, तुमचे वडील संशोधनात यायला हवे होते. पुढं माझं लग्न झालं, दुसऱ्या घरी, आणि चांगलं झालं. त्याचा इथं संबंध नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला सोपं जात नाही.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात सर साताऱ्याला गेले होते. त्यांची बहीण तिथं असते, तिचं ऑपरेशन होतं. टबांचं सगळं माझ्यावर होतं. त्या वर्षी कॉलेजच्या टाकीत पाणी येईना. टबातलं पाणी निम्म्यावर आलं, मग चार बोटांवर. एका सकाळी अकरा नंबरच्या नरानं एका मादीला समागमाशिवाय पाठीवर येऊ दिलं. तिनं अंडी घातली. त्यानं तिला झटकलं नाही. मी घड्याळ बघून लिहिलं. मला वाटलं, आधीचं माझ्या नजरेतून सुटलं असेल. दोन दिवसांनी तीन नंबरनं तेच केलं. मग पुन्हा अकरा नंबरनं.

मी ते तीन वेळा लिहिलं होतं आणि मग एका दुपारी ते खोडलं. एका रेघेनं नव्हे, गिरवून गिरवून. माझी दोन वर्षं त्या टबांसमोर गेली होती. माझे गाईड ज्या वाक्यामुळं ओळखले जात होते, नेमकं ते वाक्य खोटं ठरवणारी वही घेऊन मी त्यांच्यासमोर कशी जाणार होते? आणि मी काल आलेली मुलगी. चुकलं असेल तर माझंच चुकलं असणार. असं सगळं मी स्वतःला सांगितलं. तेव्हा ते खरंच वाटलं होतं.

पाऊस लागल्यावर सर परत आले आणि वह्या बघायला बसले. एक एक पान, बोट फिरवत. त्या पानावर बोट थांबलं. त्यांनी पान उलटं करून उजेडासमोर धरलं, आणि मागून वाचलं.

"हे खोडलंत का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुमच्या पेपरात तसं नाही, सर."

"पेपर मी लिहिलाय," सर म्हणाले. "किड्यानं तो वाचलेला नाही."

आवाज चढला नव्हता. मला रडू आलं. रडताना मी माफी मागत होते, आणि सर रुमाल शोधत होते. तो त्यांच्याकडं नव्हता. मग त्यांनी टब पुसायचं फडकं दिलं. ते म्हणाले, खोडलेलं पुन्हा लिहून काढा, आणि शेजारी लिहा, अमुक तारखेला खोडलं, अमुक तारखेला पुन्हा लिहिलं. मी तसं लिहिलं. ते पान अजून माझ्याकडं आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून त्यांच्या बावीस वर्षांपूर्वीच्या वह्या काढल्या. दोन दिवस त्या वाचत बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, सगळी निरीक्षणं जुलै ते डिसेंबरमधली आहेत. त्या काळात दर उन्हाळ्यात मी आईजवळ असायचो. ती अंथरुणाला खिळलेली होती. पाणी भरपूर असताना नर कसा वागतो एवढंच मी पाहिलं, आणि लिहिताना 'नर असा वागतो' असं लिहून मोकळा झालो.

मी म्हटलं, आता काय करायचं. ते म्हणाले, पुढचा उन्हाळा येईपर्यंत थांबायचं.

माझा प्रबंध वर्षभर लांबला. घरी कारण सांगताना आबांना मी सगळं सांगितलं, खोडलेलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी, वैरण घालता घालता, ते एवढंच म्हणाले की त्या माणसाला सोडू नको.

पुढच्या उन्हाळ्यात सर साताऱ्याला गेले नाहीत. आम्ही मुद्दाम निम्मे टब भरलेले ठेवले आणि निम्म्यांत पाणी कमी केलं. सकाळी सहाला दोघं दोन स्टुलांवर बसायचो. भरलेल्या टबांतले नर सरांच्या पेपराप्रमाणं वागत होते. कमी पाण्यातले वागत नव्हते. बघावा तो नर परकी अंडी पाठीवर घेत होता. सगळेच नव्हेत, पण इतके, की ते चुकून होतंय असं म्हणता येईना. सर दर वेळी घड्याळ बघायचे आणि वेळ सांगायचे, आणि मी लिहायचे. आपलं बावीस वर्षांचं काम एखादा माणूस असं मिनिटामिनिटानं मोडत जाताना मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. एकदाच, अकरा वाजून गेल्यावर, ते म्हणाले, "छान वागतोय हो हा." मला आधी ते माझ्याबद्दल म्हणतायत असं वाटलं. मग बघितलं तर ते टबाकडं बघत होते.

त्याच मे महिन्यात ते निवृत्त होत होते. कॉलेजनं सत्कार ठेवला. सरांनी प्राचार्यांना दोनदा लेखी कळवलं की मानपत्र लिहिण्याआधी माझ्याशी बोला. त्यांना वाटलं, सर संकोचतायत.

हॉल भरला होता. आबा वडूजहून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. शाल झाली, श्रीफळ झालं. मग मानपत्राचं वाचन झालं. त्यात दुसऱ्याच वाक्यात होतं की नर आपल्या रक्ताच्या संततीशिवाय दुसऱ्या कुणाचं ओझं वाहत नाही, हे निसर्गाचं सत्य सरांनी जगाला दाखवून दिलं. प्रमुख पाहुण्यांनी तेवढंच धरलं आणि रक्ताचं नातं या विषयावर पाऊण तास बोलले. त्यांच्यानंतर संस्थेचे अध्यक्ष बोलणार होते. टबांची खोली आणि मानद मार्गदर्शकाचं पद सरांकडंच राहील, असं ते जाहीर करणार होते. हे आम्हाला आदल्या दिवशीच शिपायाकडून कळलं होतं. त्याआधी सरांनी दोन शब्द बोलायचे होते.

सर उठले. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

"मानपत्रातलं दुसरं वाक्य चूक आहे," ते म्हणाले. "ते माझंच आहे. बावीस वर्षांपूर्वी मी छापलं. पाणी कमी झालं की नर परकी अंडी पाठीवर घेतो, आणि स्वतःच्या अंड्यांइतकीच नीट सांभाळतो. मी हे पाहिलं नव्हतं, कारण मी त्या दिवसांत बघायला बसलो नव्हतो. ते या चौथ्या रांगेतल्या बाईंनी पाहिलं. मानपत्र दुरुस्त करून द्यावं. आभारी आहे."

आणि ते खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. तेवढ्यात मागं बसलेल्या साउंडवाल्याला वाटलं की कार्यक्रम संपला. त्यानं राष्ट्रगीत लावलं. सगळे उभे राहिले. आबा सावधानमध्ये उभे राहिले. राष्ट्रगीतानंतर भाषण करायची पद्धत नाही, त्यामुळं अध्यक्ष चहाला गेले. जे जाहीर व्हायचं होतं ते त्या दिवशी झालं नाही, आणि नंतरही झालं नाही.

हॉलबाहेर आल्यावर मी सरांना विचारलं, मी आधी ते खोडलं होतं, हे का नाही सांगितलं.

"ते किड्याबद्दल नव्हतं," सर म्हणाले, आणि स्टूल काखेत मारून चालू लागले. मला माहीत असलेल्या सगळ्या वर्षांत, पाहिलेली गोष्ट त्यांनी न सांगितल्याचा तो एकच प्रसंग.

आठवड्यानं पत्र आलं की खोली परीक्षा विभागाला हवी आहे, टब हलवावेत. सरांच्या घरी गच्ची नव्हती. दोन खोल्यांपैकी दीड खोली वह्यांनी भरली होती. मी आबांना फोन केला. त्यांनी किती टब, किती वजन, एवढं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्यांचा टेम्पो घेऊन हजर झाले. सर पुढं बसायला तयार नव्हते. सांगलीपासून आमच्या गावापर्यंत ते मागं टबांमध्ये स्टुलावर बसून आले, दोन्ही हातांनी दोन टब धरून. रस्ता खराब लागला की काचेवर टकटक करायचे आणि आबा वेग कमी करायचे.

आमच्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला नाही. खाली गाळ आहे, कडेला शेवाळ आहे. सरांनी आधी पाण्यात हात घालून बघितलं, मग एक एक टब सोडला. शेवटी अकरा नंबर राहिला. त्याची पाठ भरलेली होती, आणि त्यातली अंडी त्याची नव्हती, हे आम्हा दोघांच्या वहीत होतं. तो पाण्यात उतरला आणि काठाजवळच्या एका काडीला धरून बसला. थोड्या वेळानं त्याच्या पाठीवरचं एक अंडं फुटलं. मग दुसरं.

सरांनी हे शेकडो वेळा पाहिलेलं असणार. तरी ते बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरले आणि वाकून उभे राहिले. आबाही मागोमाग उतरले. पिलं पांढुरकी, पारदर्शक, एक एक करून पाण्यात सुटत होती आणि नर खालीवर होत होता. तासाभरानं पाठ रिकामी झाली. उरलेली टरफलं त्यानं मागच्या पायांनी खरवडून काढली.

आबांनी विचारलं, "आता ह्यो काय करणार?"

"आता जेवेल," सर म्हणाले. "अंडी होती तोवर धड खाता आलं नाही त्याला."

आबांनी सरांकडं नीट बघितलं. "मग चला," ते म्हणाले, "आपुनबी जेवू."

आईनं पिठलं आणि बाजरीची भाकरी केली होती. सर तीन भाकरी जेवले. चौथीला हात आडवा धरला, मग अर्धी घेतली. सत्कारापासून मी त्यांना चहाशिवाय काही घेताना पाहिलं नव्हतं. ताटावरून उठून ते पडवीत भिंतीला टेकले आणि बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली. आबांनी त्यांच्या पायातले ओले बूट हलकेच काढले, मोजे पिळले, आणि दोन्ही नेऊन उन्हात ठेवले.